हिरव्या पडद्याला कडी, परसदार सताड उघडं

काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. वर मधोमध 'साइन ऑन', उजव्या कोपऱ्यात यंत्राचं, सबसिस्टिमचं आणि टर्मिनलचं नाव. खाली पाच रकाने: युजर, पासवर्ड, प्रोग्रॅम, मेनू, करंट लायब्ररी. आयबीएमच्या एएस/४०० या संगणकावर ज्यांनी दिवस काढलेत त्यांना हा पडदा झोपेतही दिसतो. इतरांनीही तो कुठे ना कुठे पाहिलेला असतो, बँकेच्या काउंटरपलीकडे नाहीतर एखाद्या गोदामात, आणि "अजून हे चालतं?" असं मनात म्हणून ते पुढे गेलेले असतात.

चालतं, आणि झकास चालतं. आयबीएमने हे यंत्र जून १९८८ मध्ये जाहीर केलं. ते घडलं अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी. मेनफ्रेमएवढं अवाढव्य नाही, पीसीएवढं किरकोळ नाही, म्हणून 'मिडरेंज'. पुढे दर काही वर्षांनी त्याचं नव्याने बारसं होत राहिलं: आयसिरीज, मग सिस्टिम आय, आणि २००८ पासून ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव झालं 'आयबीएम आय', जी पॉवर सर्व्हरवर चालते. कागदोपत्री काहीही असो, पुण्यातल्या आयटी कंपन्यांच्या कँटीनमध्ये अजून 'एएस फोर हंड्रेड'च ऐकू येतं.

या यंत्राबद्दल एक वाक्य हमखास कानावर पडतं: "त्याला कोण हात लावतंय!" हा समज अगदीच बिनबुडाचा नाही. इथे प्रत्येक गोष्ट म्हणजे एक ऑब्जेक्ट, आणि प्रत्येक ऑब्जेक्टचा प्रकार जन्मतःच ठरलेला. डेटाची फाइल म्हणून आत आलेली वस्तू उद्या प्रोग्रॅम म्हणून चालवता येत नाही. विंडोजवर व्हायरस ज्या वाटेने घुसतात, ती वाट इथे मुळात बांधलेलीच नाही. पण चोराला व्हायरस कशाला हवा? त्याच्या हाती एक चालू युजर आणि त्याचा पासवर्ड आला की यंत्राच्या दृष्टीने तो चोर राहतच नाही, तो घरचाच माणूस होतो.

म्हणून हा लेख आत कसं शिरतात याबद्दल आहे. पुढच्या दाराने आणि, मला जास्त काळजी वाटते ती, मागच्या दाराने.

आधी थोडा इतिहास, कारण त्यावाचून या यंत्राचा स्वभाव कळत नाही. सुरुवातीला टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड, यंत्राला ट्विनॅक्स नावाच्या जाड केबलने जोडलेली असत. एका केबलवर फार तर सात उपकरणं, आणि लांबी पाच हजार फुटांपर्यंत. म्हणजे यंत्रापर्यंत पोहोचायचं तर आधी इमारतीत शिरायचं, वॉचमनला ओलांडायचं, मग कुणाच्या तरी खुर्चीत बसायचं. पडद्यावरचा पासवर्ड ही तिसरी-चौथी अडचण होती, पहिली नव्हे. त्या काळात सुरक्षेची पातळी दहावर ठेवायचीही सोय होती. पातळी दहा म्हणजे पासवर्डच नाही. नुसतं नाव टाइप करा, ते यादीत नसेल तर यंत्र स्वतःच नवा युजर तयार करून तुम्हाला आत घेई. आज वाचून हसू येतं, पण कुलूपबंद खोलीतल्या यंत्राला ते चालून जात होतं.

पातळ्या पाच आहेत: १०, २०, ३०, ४०, ५०. विसावर पासवर्ड लागतो, पण आत आल्यावर नव्या युजरला सगळ्या ऑब्जेक्टवर हक्क आपोआप मिळतो. तिसाला कोणत्या वस्तूला कोण हात लावणार याची तपासणी सुरू होते. चाळिसाला प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात परस्पर हात घालायला बंदी येते, आणि पन्नासाला ती आणखी आवळली जाते. दहाची पातळी आता लावताच येत नाही आणि नवं यंत्र चाळिसावरच येतं. तुमचं यंत्र विसावर सापडलं, तर हा लेख इथेच बाजूला ठेवून आधी तिथे बघा. बाकीचं सगळं त्यापुढे किरकोळ आहे.

आता पुढचं दार. चुकीचा पासवर्ड किती वेळा टाकू द्यायचा, हे 'क्यू-मॅक्स-साइन' नावाची सिस्टिम व्हॅल्यू ठरवते. सिस्टिम व्हॅल्यू म्हणजे अख्ख्या यंत्राला लागू असणारी एक खिट्टी, फिरवली की सगळ्यांना लागू. ही सहसा तीनवर असते. तीनदा चुकल्यावर काय करायचं, ते दुसरी व्हॅल्यू सांगते: १ म्हणजे ते टर्मिनल बंद करा, २ म्हणजे तो युजर बंद करा, ३ म्हणजे दोन्ही.

इथे जुन्या काळाचं हाड अडकलेलं आहे. 'टर्मिनल बंद करा' याला ट्विनॅक्सच्या दिवसांत अर्थ होता. दुसरं टर्मिनल गाठायला उठून चालत जावं लागे. आता टर्मिनल आभासी असतं. कोणी नेटवर्कवरून जोडलं की यंत्र त्याला 'क्यू-पॅड-डेव्ह' अमुक क्रमांक असं एक टर्मिनल काढून देतं. ते बंद पडलं, तर पुन्हा जोडायचं, पुढचा क्रमांक मिळतो. समजा पन्नास आभासी टर्मिनलांची मुभा आहे आणि कारवाई फक्त १ ठेवली आहे. तर एकाच युजरच्या नावावर तीन गुणिले पन्नास, दीडशे वेळा नशीब आजमावता येतं, आणि युजर शेवटपर्यंत चालूच राहतो. म्हणून ३ ठेवा. आभासी टर्मिनल आपोआप किती निर्माण होऊ द्यायची त्याची मर्यादाही गरजेपुरतीच ठेवा.

त्यालाही एक उलटी बाजू आहे. तीन चुकांत युजर बंद होतो हे ज्याला ठाऊक आहे, तो मुद्दाम तुमच्या सगळ्यात मोठ्या युजरच्या नावाने तीनदा चुकू शकतो. हा मोठा युजर म्हणजे 'क्यू-सेक-ऑफर', यंत्राचा मालकच म्हणा. पण तो असा बंद पडला तरी यंत्राच्या मुख्य टर्मिनलवरून, म्हणजे कन्सोलवरून, आत येऊ शकतो, तेवढी सोय आयबीएमने ठेवली आहे. त्यामुळे कन्सोल कुठे आहे आणि त्या खोलीची किल्ली कुणाकडे, हे रविवारी रात्री शोधण्याची वेळ आणू नका.

एक बारीकसा दोष जुन्या आवृत्त्यांत फार पाहिलाय. नाव चुकलं तर पडदा म्हणतो, 'असा युजर नाही'. नाव बरोबर आणि पासवर्ड चुकला तर म्हणतो, 'पासवर्ड बरोबर नाही'. म्हणजे परक्या माणसाला दारातच सांगितलं, की देशपांडे इथे राहत नाहीत, कुलकर्णी राहतात, फक्त किल्ली दुसरी आणा. दोन्ही संदेशांचा मजकूर एकच करून टाकायला पाच मिनिटं लागतात.

पण खरं सांगू का, अंदाज बांधत बसायची वेळच येत नाही बऱ्याचदा. युजर तयार करण्याच्या कमांडमध्ये पासवर्डचा रकाना रिकामा सोडला, तर वर्षानुवर्षं यंत्र युजरचं नाव हाच पासवर्ड समजायचं. 'स्टोअर१' चा पासवर्ड 'स्टोअर१'. नवा माणूस येणार, घाईत युजर काढला, "पहिल्या दिवशी बदलून घे हं," असं सांगितलं, आणि तो माणूस आलाच नाही. युजर मात्र राहिला. २०२२ मध्ये आलेल्या ७.५ आवृत्तीपासून रकाना रिकामा सोडला तर पासवर्डच दिला जात नाही. पण आधी जन्मलेले जुने युजर तसेच बसलेले असतात.

ते शोधायला एक कमांड आहे, एएनझेडडीएफटीपीडब्ल्यूडी. घाबरू नका. या यंत्रावर कमांडची नावं बहुतेक स्वर गाळून लिहिलेली असतात. हे आहे 'अ‍ॅनालाइझ डिफॉल्ट पासवर्ड'. ज्यांचं नाव हाच पासवर्ड आहे त्या सगळ्यांची यादी ती छापून देते, आणि सांगितलं तर त्यांना बंदही करते. मी पहिल्यांदा ती चालवली तेव्हा यादी दुसऱ्या पानावर गेली. त्यात दोन नावं अशी होती, की ज्यांच्या निवृत्तीच्या समारंभाचा चिवडा मी स्वतः खाल्ला होता.

पासवर्डचे नियम कडक केले की हे थांबेल असं वाटतं. इथे एक मेख आहे. नियम लागू होतात ते माणूस स्वतःचा पासवर्ड बदलतो तेव्हा. अ‍ॅडमिनने युजर काढताना किंवा बदलताना जो पासवर्ड घातला, त्याला नियम विचारतच नाहीत, जोवर नियमांच्या यादीत 'ऑल-क्रिएट-चेंज' हा शब्द नाही. म्हणजे इतरांना आठ अक्षरं, दोन अंक असं दरडावणारा अ‍ॅडमिन स्वतः 'पुणे१' ठेवून मोकळा होतो, आणि यंत्र निमूट मान डोलावतं.

दुसरी गोष्ट पासवर्डच्या पातळीची. पातळी शून्यवर पासवर्ड जास्तीत जास्त दहा अक्षरांचा, आणि लहान-मोठी अक्षरं एकच मानली जातात. पातळी दोन आणि पुढे १२८ अक्षरांपर्यंत जाता येतं, लहान-मोठ्याचा भेद होतो. पातळी चार ७.५ मध्ये आली आणि तिथे पासवर्ड साठवायची पद्धत आजच्या काळाला शोभेशी आहे. पातळी बदलली की ती पुढच्या आयपीएलला, म्हणजे यंत्र पुन्हा उठेल तेव्हा, लागू होते. तेव्हा दिवाळीच्या आदल्या दिवशी हा उद्योग करू नका. कुठल्यातरी कोपऱ्यातल्या पीसीवरचा जुना क्लायंट प्रोग्रॅम, नव्या पातळीशी बोलता येत नाही म्हणून, अडून बसतोच.

आता तारेकडे येऊ. हिरवा पडदा नेटवर्कवरून येतो तो टेलनेट या जुन्या पद्धतीने, पोर्ट २३ वर; पोर्ट म्हणजे यंत्राच्या दाराचा क्रमांक. टेलनेट काहीही झाकत नाही. यावर एक जाणकार गृहस्थ मला म्हणाले होते, "अहो, पण आपल्याकडे एबसिडिक असतं ना, आस्की नाही. कोणाला वाचता येणार?" एबसिडिक ही आयबीएमची अक्षरांना आकडे देण्याची जुनी पद्धत, आस्की ही बाकीच्यांची. तिच्यात 'क्यू' म्हणजे डी८, 'एस' म्हणजे ई२, 'ई' म्हणजे सी५. तारेवर डी८ ई२ सी५ सी३ डी६ सी६ डी९ असं जाताना दिसलं, की ते सरळ 'क्यू-सेक-ऑफर' आहे. हे कोष्टक पन्नास वर्षांहून अधिक काळ छापील मिळतं आणि तारेवरची रहदारी दाखवणारी फुकट सॉफ्टवेअरं ते उलगडूनही देतात. मोडी लिहिली म्हणजे गुप्त लिपी झाली असं होत नाही.

याच ठिकाणी एक विनोद दडलेला आहे, जो रोज हजारो लोक न कळता अनुभवतात. आयबीएमचं अ‍ॅक्सेस क्लायंट सोल्यूशन्स, आम्ही एसीएस म्हणतो, उघडलं की आधी एक छोटी खिडकी युजर-पासवर्ड मागते. तिथला पासवर्ड जसाच्या तसा तारेवर जात नाही, त्याचं रूपांतर होऊन जातं. मग हिरवा पडदा येतो आणि तोच पासवर्ड पुन्हा मागतो. तो तुम्ही पडद्यावर टाइप करता, आणि टीएलएस, म्हणजे तारेवरची रहदारी झाकणारी पद्धत, नसेल तर तो उघडावाघडा जातो! 'क्यू-रिमोट-साइन' नावाची व्हॅल्यू मुळात असते 'फोर्स साइन-ऑन' वर, म्हणजे दूरवरून येणाऱ्याला पुन्हा पासवर्ड विचाराच. ऐकायला कडक वाटतं. साध्या टेलनेटवर मात्र या कडकपणानेच पासवर्ड उघड्यावर येतो. ती 'व्हेरिफाय' वर ठेवून एसीएसमध्ये बायपास साइन-ऑन लावलं, तर दुसऱ्यांदा टाइप करायची भानगड राहत नाही.

तरी हा अर्धा उपाय. पासवर्ड झाकला तरी पुढे पडद्यावर येणारे पगाराचे आकडे उघडेच जातात. पुरता उपाय टीएलएस: टेलनेट पोर्ट ९९२ वर, आणि एसीएस ज्या होस्ट सर्व्हरशी बोलतं त्यांचे ८४७० ते ८४७६ सोडून ९४७० ते ९४७६. यंत्रावरच्या डिजिटल सर्टिफिकेट मॅनेजरमध्ये एक सर्टिफिकेट तयार करायचं, ते या सेवांना जोडायचं, आणि सगळे स्थिरावले की टेलनेटला सांगायचं, आता फक्त टीएलएस. सर्टिफिकेटची मुदत संपायची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. ती विसरली की एका सकाळी कोणालाच आत येता येत नाही आणि सगळे तुमच्याकडे बघतात.

घरून काम करणाऱ्यांसाठी हे सगळं व्हीपीएनच्या आत. मार्च २०२० मध्ये रातोरात सगळे घरी गेले, तेव्हा "चार दिवसांपुरतं" म्हणून पोर्ट २३ थेट इंटरनेटवर मोकळं केल्याचे किस्से मी ऐकलेत. चार दिवसांपुरतं केलेलं काम आपल्याकडे किती वर्षं टिकतं ते सांगायला नको.

इथवर पुढचं दार झालं. बरेचजण इथेच थांबतात. जुन्या वाड्यांना दिंडी दरवाजा असायचा, वर खिळे ठोकलेले, आत अडसर. आणि मागे परसदार, जिथून दूधवाला, मोलकरीण, मांजर, सगळे येत-जात. या यंत्राला अशी परसदारं भरपूर आहेत.

उदाहरण घेऊ. हिशेब खात्यातला एक कारकून. त्याच्या हिरव्या पडद्यावर मेनू आहे, त्यात सहा पर्याय: बिल टाका, बिल बघा, असे. त्याला कमांड टाइप करता येत नाही, कारण त्याच्या प्रोफाइलमध्ये 'लिमिट कॅपॅबिलिटी' लावलेली आहे. साइन-ऑनच्या पडद्यावरचे ते तीन जादा रकाने, प्रोग्रॅम, मेनू आणि लायब्ररी, तेही त्याला बदलता येत नाहीत. पडद्यावर पाहाल तर माणूस सहा खोल्यांच्या पलीकडे जाऊच शकत नाही. वीस वर्षं सगळे याच भरवशावर होते.

आता त्याच्या पीसीवर एसीएस आहे आणि त्यासोबत ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे पीसीवरच्या प्रोग्रॅमना यंत्रातल्या डेटापर्यंत थेट नेणारा दुवा. तो एक्सेल उघडतो, नवं कनेक्शन करतो, तोच युजर, तोच पासवर्ड. समोर लायब्ररींची, म्हणजे फाइली ठेवायच्या कप्प्यांची, यादी येते. मेनू नाही, सहा पर्याय नाहीत. पगाराची लायब्ररी दिसते. तिच्यातली फाइल तो शीटमध्ये ओढतो आणि सगळ्यांचे पगार हजर. एक्सेलऐवजी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस वापरून टेबल जोडलं, तर बघणंच काय, आकडे बदलताही येतील. कुठेही हॅकिंग नाही. मेनू हा पडद्यावरचा पडदा होता. ओडीबीसीला तो माहीतच नाही. फाइलींची ने-आण करणाऱ्या एफटीपीलाही नाही. डीडीएमसारखे दुसऱ्या यंत्रांशी बोलायचे मार्गही आपापल्या वाटेने जातात.

पगाराची फाइल त्याला का दिसली? कारण प्रत्येक ऑब्जेक्टवर 'पब्लिक' नावाचा एक हक्क असतो, म्हणजे ज्याचं नाव वेगळं घेतलेलं नाही अशा कोणालाही काय करता येईल. आणि नवी वस्तू तयार होताना पब्लिकला काय द्यायचं, ती सिस्टिम व्हॅल्यू मुळात असते 'चेंज'. बघा, बदला, ओळी टाका, ओळी काढा. ट्विनॅक्सच्या काळात याने काही बिघडत नव्हतं, मेनूच्या बाहेर कोण जाणार होतं? तार नेटवर्कला जोडली गेली, व्हॅल्यू तशीच राहिली. मला विचाराल तर या यंत्रावरचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे, आणि त्याचं साइन-ऑनच्या पडद्याशी काही देणंघेणं नाही.

यावर दोन प्रकारची माणसं दोन प्रकारचे उपाय सांगतात. पहिले म्हणतात, परसदाराशी माणूस बसवा. त्याला एक्झिट प्रोग्रॅम म्हणतात. टेलनेट, एफटीपी, डेटाबेस सर्व्हर यांच्या वाटेत आयबीएमने ठरावीक जागा ठेवल्या आहेत. तिथे तुमचा छोटा प्रोग्रॅम नोंदवला, की प्रत्येक विनंती आधी त्याच्याकडे येते आणि तो हो किंवा नाही सांगतो. एवढं करायचं नसेल तर 'फंक्शन युसेज' नावाची सोपी सोय आहे, तिथून ठरावीक लोकांसाठी ओडीबीसीचं दार सरळ बंद करता येतं. संध्याकाळपर्यंत होणारं काम आहे हे, आणि लगेच करावं.

दुसरे म्हणतात, दारं किती मोजणार, तिजोरीलाच कुलूप लावा. मी या दुसऱ्या पंगतीतला. पगाराच्या फाइलवर पब्लिकला 'एक्सक्लूड', म्हणजे साफ मज्जाव. मग कारकुनाचा मेनू कसा चालायचा? त्यासाठी या यंत्रावर एक सुरेख सोय आहे, अ‍ॅडॉप्टेड ऑथॉरिटी. बँकेत तुम्ही स्ट्राँग रूममध्ये जात नाही; कॅशियर जातो, तुमचे तेवढे पैसे घेऊन येतो. इथे कॅशियर म्हणजे प्रोग्रॅम. तो चालतो तेवढा वेळ आपल्या मालकाच्या हक्काने फाइल उघडतो, संपला की हक्कही संपला. कारकून बिल टाकू शकतो, पण त्याच फाइलला एक्सेलमधून हात घालायला गेला तर यंत्र नाही म्हणतं, कारण मध्ये कॅशियर नाही.

हे काम कंटाळवाणं आहे. शेकडो लायब्ररी, हजारो फाइली, आणि 'कोण काय वापरतं' याची वही कुणीच ठेवलेली नाही. एका दिवसात सगळं आवळायला जाल तर महिनाअखेरचं बिलिंग बंद पडेल आणि तुम्हाला परत सगळं सोडून द्यायला सांगतील, ते कायमचं. ऑथॉरायझेशन लिस्ट, म्हणजे कुणाला कोणता हक्क त्याची यादी, करून एकेक लायब्ररी घ्या. आधी पगार, मग ग्राहकांचे खातेक्रमांक, मग बाकीचं.

आणि हे सगळं करूनही 'ऑल-ऑब्जेक्ट' हा विशेष हक्क ज्याच्याकडे आहे त्याला यातलं काहीच अडवत नाही. विशेष हक्क आठ आहेत, पण चटका लावणारा हा. तो कुणाकुणाकडे आहे ते छापून बघा. प्रोग्रॅमरांकडे असतो, "प्रॉडक्शनला अडलं तर" म्हणून. वाईट म्हणजे, तो सर्व्हिस अकाउंटकडे असतो: वेबसाइट किंवा रिपोर्टचं सॉफ्टवेअर ज्या युजरने जोडतं त्याच्याकडे. त्याचा पासवर्ड कुठल्यातरी फाइलमध्ये उघडा लिहिलेला असतो आणि तो कधी बदलत नाही, कारण बदलला तर काय काय बंद पडेल हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेला.

उघड्या टर्मिनलचं थोडक्यात. किती मिनिटं हालचाल नाही तर काम बंद करायचं, ती व्हॅल्यू मुळात 'काहीच नाही' असते. पाच ते तीनशे मिनिटं ठेवता येते. वेळ संपल्यावर काम मारून न टाकता 'डिसकनेक्ट' करा. म्हणजे चहाला गेलेल्या माणसाची अर्धी भरलेली ऑर्डर परत साइन-ऑन केल्यावर जिथल्या तिथे सापडते. फक्त त्याने धरून ठेवलेले रेकॉर्ड तोवर अडकून राहतात, हे लक्षात असू द्या. ओडीबीसी आणि एफटीपीला ही घड्याळं लागू नाहीत.

नोंदी. यंत्राकडे ऑडिट जर्नल आहे, पण ते सुरू करावं लागतं. सुरू केलं की फसलेल्या प्रत्येक साइन-ऑनची 'पीडब्ल्यू' प्रकारची नोंद पडते, आणि तिच्यात एक अक्षर असतं. 'यू' म्हणजे असा युजरच नाही. 'पी' म्हणजे पासवर्ड चुकला. 'क्यू' म्हणजे युजर आधीच बंद होता. ही तीन अक्षरं वाचता आली तरी पुष्कळ. रात्री अडीचला ओळीने यू, यू, यू, आणि नावं 'रूट', 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट': कोणीतरी आंधळेपणाने दारं ठोठावतोय, त्याला हे लिनक्स वाटतंय. तो आतल्या नेटवर्कपर्यंत पोहोचला कसा ते शोधा, पण यंत्राची चिंता लगेच नको. दर पाच मिनिटांनी एकाच युजरचं पी, पी, पी आणि मग अखंड क्यू: हा चोर नाही, पासवर्ड बदलल्यावर कोणीतरी विसरलेली स्क्रिप्ट आहे, आणि थोड्याच वेळात तिचा मालक फोन करेल. पण दुपारी, कामाच्या वेळेत, हळूहळू, खऱ्या माणसांच्या नावांवर एकेकच पी, कुणालाच तीनपर्यंत न नेता... तिथे खुर्चीतून उठायचं. त्याला तुमच्या माणसांची यादी मिळालेली आहे आणि क्यू-मॅक्स-साइन किती आहे तेही.

अशा माणसासाठीच दुसरा घटक लागतो. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ७.६ आवृत्तीत तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतच आला: पासवर्डच्या जोडीला फोनवरच्या अ‍ॅपमधला सहा अंकी आकडा, जो दर तीस सेकंदांनी बदलतो. त्याआधी यासाठी बाहेरची सॉफ्टवेअरं घ्यावी लागत किंवा व्हीपीएनवरच ओटीपी लावून समाधान मानावं लागे. निदान 'ऑल-ऑब्जेक्ट'वाल्या प्रत्येक माणसाला तो लावा. सर्व्हिस अकाउंटला फोन नसतो, त्याच्यासाठी हक्क कमी करणं हाच मार्ग. आणि सिंगल साइन-ऑन, म्हणजे सकाळी विंडोजला दिलेल्या ओळखीवरच कर्बेरॉसमार्फत इथेही आत येणं, हेही जमतं. त्यात माझ्या आवडीची गोष्ट अशी, की नंतर इथल्या प्रोफाइलला पासवर्डच ठेवायचा नाही. जो पासवर्ड नाहीच, तो कोण चोरणार?

पोर्ट २३ बंद करायची गोष्ट राहिली. मी जिथे काम करायचो तिथे सुट्या भागांचं मोठं गोदाम होतं. दोन आठवडे रोज नेटस्टॅट काढून बघितलं, २३ वर अजून कोण जोडलेलं आहे. एकेकाला ९९२ वर हलवलं. शेवटी एकच पत्ता उरला, जो रात्रंदिवस जोडलेला. तो कुणाचा हे कोणालाच सांगता येईना. गोदामात जाऊन केबल धरून मागे चालत गेलो, तर रॅकच्या मागे धुळीने माखलेला एक पीसी, त्यावर जुन्या एमुलेटरचं, म्हणजे पीसीवर टर्मिनलचं सोंग आणणाऱ्या प्रोग्रॅमचं, प्रिंटर सेशन, आणि शेजारी बारकोड लेबलं काढणारा प्रिंटर. मॉनिटरच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीवर युजर आणि पासवर्ड.

स्टोअरकीपर म्हणाले, "साहेब, त्याला हात नका लावू. सकाळी सहाला गाडी लागते, लेबलाशिवाय माल निघत नाही."

"रात्रीत करून देतो, काका. तुम्ही फक्त ती पट्टी काढा."

"पट्टी काढली तर पासवर्ड लक्षात कसा राहणार?"

रात्री त्या पीसीवर एसीएस चढवलं, सर्टिफिकेट भरवलं, प्रिंटरचं सेशन ९९२ वर नेलं. त्या युजरचे हक्क लेबलांच्या आउटपुट क्यूपुरते कापले. तीनदा चाचणीची लेबलं काढली; पहिल्या दोनदा कडेचं अक्षर कापलं जात होतं. यंत्रावर २३ बंद केलं तेव्हा पावणेसहा झाले होते. सहाला गाडी लागली, लेबलं निघाली.